पार्श्वभूमी वजा करताना

परवा सकाळी बारडोलीच्या बसमध्ये बसले होते, तेव्हा फोनवर निरोप आला. आकाशावर पाळत ठेवणारे काही लोक आमच्यासारख्या अभ्यासकांना असे निरोप पाठवत असतात. दोनच ओळी होत्या. अमुक एक जोडी पुन्हा पेटली आहे, ज्यांना जमेल त्यांनी बघावी. त्या जोडीचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखं. पण ते वाचलं आणि गर्दीत कुणीतरी आपल्या गल्लीचं नाव घ्यावं तसं झालं. बसच्या पुढे उसाचा ट्रक चालला होता. मागे लोंबणारे वाढे रस्ता झाडत होते. कंडक्टर तिकीट विचारत होता आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले.

सुरतेत हे दिवस पोंकाचे. कोवळ्या ज्वारीची कणसं राखेत भाजून, झोडून काढलेले हिरवे ओलसर दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. तापीच्या काठाला टपऱ्या लागतात, लोक गाड्या थांबवून खातात. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं फार हसू यायचं. "हाऊ तं आपला हुरडा," ते म्हणायचे, "शेव टाकी का त्यानं नाव बदली जास?" असं म्हणत सगळ्यात जास्त तेच खायचे. यंदा मी अजून पोंक आणला नाही. आईनंही विचारलं नाही.

ती जोडी मागे एकदा पेटली होती, तोही असाच थंडीचा मोसम होता. त्यावर लिहिलेल्या प्रबंधामुळे आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं. पण तो मोसम आठवला की प्रबंधातलं फारसं काही डोळ्यांसमोर येत नाही. येतो तो सुरतेच्या डिंडोलीतला आमचा ओटा, आणि त्यावर मांडी घालून बसलेले आप्पा.

आधी ही जोडी म्हणजे काय ते सांगायला हवं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक मेलेला, आकसून एखाद्या शहराएवढा झालेला, पण वजनानं सूर्याहून जड. दुसरा साधा, जिवंत. मेलेला तारा जिवंताच्या अंगावरचा वायू ओढत असतो. तो वायू सरळ आत पडत नाही. भोवऱ्यात सापडल्यासारखा फिरत राहतो आणि त्याची तबकडी तयार होते. आतल्या कडेला ती इतकी तापते की तिच्यातून क्ष-किरण निघतात. काही जोड्या वर्षानुवर्षं गप्प असतात. तबकडी हळूहळू भरत असते, बाहेर काही दिसत नाही. मग एक दिवस ती पेटते, काही आठवडे झगझगते आणि पुन्हा विझत जाते. जे बघायचं ते त्या आठवड्यांत. तो आमचा मोसम. मेलेल्या ताऱ्याकडून स्वतःहून काहीच येत नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या उजेडावरून.

हे सगळं मी आप्पांना ओट्यावर बसून हातवारे करून सांगितलं होतं. हातवारे करूनच सांगावं लागे, कारण आयुष्य यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यात गेल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. माझा एक हात मेलेला तारा, दुसरा हात जिवंत, आणि मधून माझ्या ओढणीचं टोक फिरवत नेलेलं. आप्पा बारकाईनं बघत होते.

"हाऊ ओढी ऱ्हायना, का तो दी ऱ्हायना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन्ही, आप्पा. इतके जवळ आहेत की सांगता येत नाही."

"मंग देणारा बारीक होत जास ना?"

"होतो. हळूहळू."

आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमनामायक." तुमच्यासारखा. आप्पांना ते ऐकू गेलं नाही, पण तिचे ओठ त्यांनी वाचले असावेत, कारण ते खूश होऊन हसले. त्यानंतर गल्लीत कुणी विचारलं की पोरगी एवढी वर्षं शिकते तरी काय, तर ते सांगत, "ताऱ्यांचं वजन करस." शेजारचे एकजण म्हणाले, "कोणत्या काट्यावर?" आप्पा म्हणाले, "तिना कॉम्प्युटरवर. तुले बसाडू का?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीपर्यंत मी खानदेशात, तालुक्याच्या गावी, मामाकडे शिकले. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी पाणी भरलेल्या ताटात आरसा तिरपा ठेवून वर्गाच्या भिंतीवर सात रंग पाडून दाखवले होते. आजही मी तेच करते असं मला वाटतं. उजेड येतो, त्याची फोड करायची, कुठल्या रंगाचा किती आहे ते मोजायचं. फक्त हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ताट वर उपग्रहात ठेवलेलं असतं. उपग्रहानं गोळा केलेली मोजमापं काही काळानं सगळ्यांसाठी खुली होतात. डिंडोलीतल्या पत्र्याच्या खोलीत बसलेल्या मुलीलासुद्धा ती मिळतात, कुणी विचारत नाही तू कोणाची कोण. याचं मला अजून नवल वाटतं. त्या सरांचे, माझ्या मार्गदर्शक मॅडमचे, मुलीला शिकू द्या म्हणून आप्पांशी भांडलेल्या मामाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

त्या तबकडीत लोखंड असतं. त्याची एक रेषा असते, त्या लोखंडानं केलेली खूणच म्हणा. प्रयोगशाळेत ती सुईसारखी सरळ उभी दिसते. तबकडीत वायूचा वेग आणि मेलेल्या ताऱ्याची ओढ यांनी ती फाकते, तिला एका बाजूला लांब फिकट शेपूट फुटतं. शेपूट जेवढं लांब, तेवढी तबकडी आतपर्यंत पोचलेली. माझं सगळं काम त्या शेपटाचं होतं. लॅपटॉपवर ते बघून आप्पा म्हणाले होते, "वर बी लोखंड शे का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली. ओळखीचं कुणीतरी तिथंही कामाला आहे असं कळल्यासारखी.

पण रेषा दिसण्याआधी एक काम करावं लागतं, आणि नवशिक्यांचं सगळं चुकतं ते तिथं. उपकरणात पडलेली प्रत्येक नोंद काही ताऱ्याची नसते. उपकरणाची स्वतःची खरखर असते, आजूबाजूच्या आकाशाचा फिकट उजेड असतो. म्हणून शेजारचा, जिथं तो तारा नाही असा तुकडा घ्यायचा, त्याची मोजणी करायची आणि आपल्या मोजणीतून ती वजा करायची. तिला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. मॅडम सांगायच्या, "पार्श्वभूमी नीट घे. तिच्याकडे दुर्लक्ष केलंस तर तारा तुला खोटं बोलेल." वजा करून उरलं ते ताऱ्याचं.

त्या थंडीत माझं एक जाहीर व्याख्यान ठरलं होतं. प्रबंध देण्याआधी ते द्यावंच लागतं, आणि घरच्या माणसांनाही येता येतं. मला आप्पांनी यायला हवं होतं. याहून जास्त काही मला त्या दिवसांत नको होतं. आई लगेच तयार झाली, कुठलं लुगडं नेसायचं तेही तिचं ठरलं. आप्पा मात्र टाळत राहिले.

"माले काय आयकू येई तठे?"

"चित्रं असतील, आप्पा. मी हातवारे करीन."

"इतला साहेब लोकसमोर? नको वं माय."

मी संशोधन करत होते त्या संस्थेच्या फाटकावर बाहेरून येणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागत. म्हणून एका सकाळी ते कामाला निघताना मी त्यांना म्हटलं, "दुपारपर्यंत मला सांगा, येता की नाही. नाहीतर मी रागावेन." फोन केला तर त्यांना माझं ऐकू येणार नव्हतं आणि टाइप करणं त्यांना जमत नसे. म्हणून मी त्यांना फोनवर बोलून निरोप कसा पाठवायचा ते शिकवलं. हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, बोट सोडायचं की गेला. त्यांनी डब्याच्या पिशवीत फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघाले.

दुपारी त्यांचा निरोप आला. मी संस्थेत कॉम्प्युटरसमोर होते, मॅडम शेजारी बसून माझे आलेख बघत होत्या. मी फोन कानाला लावला. नुसता लूमचा खडखडाट. शेवटपर्यंत तेवढाच.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"आप्पा. चुकून दाबलं गेलं असेल."

मॅडम हसल्या. "माझे बाबा मला अख्खा भाजीबाजार पाठवतात."

संध्याकाळी घरी विचारू, असं मी ठरवलं, आणि फाटकावर आईबरोबर त्यांचंही नाव देऊन टाकलं.

संध्याकाळी कामावरून येताना पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा बदलताना आप्पा खाली बसले. छातीत दुखतंय एवढंच त्यांनी सांगितलं. बरोबर हिरामणकाका होते, आप्पांच्या शेजारच्या लूमवर काम करणारे, आमच्याच भागातले. त्यांनी लोकांच्या मदतीनं त्यांना दवाखान्यात नेलं, मला फोन केला. आई आणि मी पोचलो तेव्हा आप्पा गेले होते.

पुढच्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. गंधमुक्ती होऊन सुतक फिटलं, गावाकडचे लोक परत गेले. ओट्यावर त्यांची चप्पल कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, ती तशीच राहिली. मॅडम घरी आल्या, आईजवळ खाली बसल्या, गुजरातीत काही बोलल्या आणि आई अहिराणीत. दोघींना एकमेकींचं कळत होतं. जाताना मला म्हणाल्या, "घाई नाही. व्याख्यान पुढे ढकललंय." आकाशातली ती जोडी मात्र थांबणार नव्हती. मी पुन्हा आलेख उघडले तेव्हा ती विझायला लागली होती. रोज थोडी थोडी.

तेव्हाच कधीतरी तो निरोप मी पुन्हा ऐकला. आणि मनात आलं, हा चुकून गेला नसेल. मी उत्तर मागितलं होतं आणि त्यांनी ते दिलं होतं. येतो किंवा नाही येत. या खडखडाटाखाली त्यांचा आवाज असणार. खडखडाट म्हणजे पार्श्वभूमी. ती वजा करायचं शिक्षण तर मी घेतलेलं आहे. इतकी वर्षं दुसऱ्या कशासाठी शिकले?

त्यासाठी तीच जागा हवी होती, तोच आवाज, आप्पांशिवाय. मी कारखान्यात गेले. आप्पांची लूम तेवढ्यापुरती थांबवून एक ओडिया मुलगा तुटलेला धागा जोडत होता. मी फोन धरून नुसती उभी राहिले आणि लूमचा आवाज भरून घेतला. आत पावलाखालची फरशी थरथरत होती. हिरामणकाकांनी मला पाहिलं आणि काहीतरी विचारलं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मला वाटलं, खडखडाटात ऐकू येत नाही. मग लक्षात आलं, ते आवाज काढतच नव्हते. तिथं कुणीच काढत नाही. ओरडून उपयोग नाही, घसा तेवढा जातो. म्हणून सगळे ओठांनी बोलतात, हातानं बोलतात. लूमच्या या टोकाला उभा असलेला माणूस त्या टोकाच्या माणसाला जावयाचं भांडण सांगतो आणि दोघं हसतात, एकही शब्द न उच्चारता.

आणि आप्पाही असेच होते. घरीसुद्धा. संध्याकाळी येऊन बसायचे आणि चहा मागायचे, नुसत्या ओठांनी. आई शेगडीकडे तोंड करून असायची. मग बऱ्याच वेळानं आप्पा रुसलेले दिसायचे आणि आई कपाळावर हात मारायची. "आवाज काढा ना! आठे काय लूम चाली ऱ्हायनात?" आम्ही किती हसायचो.

काकांनी मला बाहेर दाराशी आणलं. बाहेर मात्र ते मोठ्यानं बोलत होते. मी त्यांना निरोपाचं सांगितलं.

"हां, मी पाहिलं ना. फोन तोंडाशी धरून उभा होता. मी खूण केली, अरे आवाज तं काढ! त्यानं हात झटकला माझ्याकडे, जा म्हणे, तुझं काम कर."

"काय म्हणत होते, काका?"

काकांनी हाताचा पंजा तोंडासमोर धरून दाखवला. "फोनमागे तोंड झाकलं होतं, बेटा. ओठ दिसले असते तर सांगितलं असतं." मग म्हणाले, "पण बराच वेळ बोलत होता."

तरी मी घरी येऊन वजाबाकी केली. माणूस दर वेळी ओठच हलवतो असं थोडंच आहे? एखादा शब्द तोंडून निसटला असेल. आवाजाची फोडही उजेडासारखीच करता येते. कुठल्या सुराचा, कुठल्या ठेक्याचा किती जोर, ते मांडायचं. आप्पांच्या निरोपाचा आलेख एकीकडे, मी भरून आणलेला एकीकडे. एकेक ठोका वजा करत गेले. खडखडाट पातळ होत गेला, दूर गेला, संपला. आणि खाली काही नव्हतं. श्वाससुद्धा नाही. मी परत केलं, वेगळ्या रीतीनं केलं. काही नव्हतं.

आमच्या कामात एखादी रेषा सापडली नाही तर ती नाही असं लिहीत नाहीत. आढळली नाही, असलीच तर इतक्याहून फिकी असेल, असं लिहितात. माझ्या प्रबंधात असं एक वाक्य आहे. ते लिहिताना परीक्षकांना काय वाटेल याची मला काळजी नव्हती. मला एवढंच वाटत होतं की हे वाक्य मी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं आणि त्यानं माझे ओठ बघत मान हलवावी.

व्याख्यान झालं. आई पहिल्या रांगेत बसली होती. मी सगळं बोलून दाखवलं, आणि सवयीनं दोन्ही हात वर उचलून तारे फिरवलेही. समोरच्या लोकांना वाटलं असेल, शिकवण्याची हौस दिसते. नंतर सगळ्यांनी अभिनंदन केलं. मॅडमनी आईला मिठी मारली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यासना निरोप माले आयकाड." निरोप आला होता हे आईला माहीत होतं, पण मी तोवर तिला काहीच ऐकवलं नव्हतं. काय ऐकवणार? पण तिनं मागितलं, आणि मी लॅपटॉपवर वजाबाकी केलेलाच आवाज लावला, कारण मूळ खडखडाट मलाच सोसत नव्हता.

खोलीत काहीच ऐकू येईना. आई पदर डोक्यावर घेऊन, मान कलती करून बसली होती. मी बंद करायला हात पुढे केला, तिनं तो धरला.

मी आजवर शेवटाकडे नीट ऐकलंच नव्हतं. मी शब्द शोधत होते, आणि शेवटच्या क्षणांत शब्द असणार नाहीत म्हणून ते टोक न ऐकताच सोडून देत आले होते. आता त्या शांततेच्या अगदी टोकाला एक ठोका पडला. मग दुसरा. मग ठोके जवळ जवळ येत गेले आणि एक लूम चालू झाली. अगदी फोनजवळची, एकटी. बाकीच्या लूम आधीपासून चालू होत्या, त्या वजा झाल्या होत्या. ही नंतर सुरू झाली होती, आणि मी आवाज भरून घेतला तेव्हाही बंद होती, म्हणून उरली होती. अंगठा अजून बटणावर असताना, दुसऱ्या हातानं सुरू केलेली.

म्हणजे त्याआधी ती बंद होती. लूम थांबली की मजुरी थांबते. आप्पा डबासुद्धा उभ्यानं, एका डोळ्यानं धागा बघत खायचे. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी निरोप घेऊन गेलेल्या माणसालाही त्यांनी लूम चालू ठेवूनच पेढा मागितला होता. आणि त्या दुपारी, मला उत्तर द्यायचं म्हणून, त्यांनी ती थांबवली होती. सगळं बोलून होईपर्यंत.

मी आईकडे पाहिलं. ती त्या ठोक्यांकडे, दाराबाहेरून ओळखीची पावलं ऐकावीत तशी कान देऊन होती. आवाज संपला तेव्हा तिनं माझा हात सोडला आणि पदरानं तोंड पुसलं.

"लागनात कामले," ती म्हणाली.